मुक्या गाडीचे चाचा

‘तोंडानं काढून दाखवा.’

ब्रेकचा आवाज येतो म्हणून गाडी घेऊन कोणीही चाचांच्या दुकानात गेलं, की त्यांचं पहिलं वाक्य हे. सलाम-नमस्कार मागाहून. हात छातीशी बांधून, मान जरा खाली घालून, तुमच्या ओठांवर डोळे लावून ते वाट पाहत उभे राहायचे. तुम्ही म्हणणार, ‘चाचा, पुढच्या डाव्या चाकातून कर्कश आवाज येतो.’ चाचा मान हलवणार. ‘हे तर सांगनं झालं. आवाज कुठी हाये? काढा ना.’

आता तुम्हीच विचार करा. चंद्रपूरजवळच्या मूल गावाचा भर बाजाररस्ता. पलीकडे राइस मिलसमोर धानाच्या गाड्या लागलेल्या, हमाल चहा पीत बसलेले, आणि तुम्ही इस्त्रीच्या कपड्यांत उभं राहून ‘कूंईईई’ करायचं. मी केलेलं आहे हो! माझं मेडिकल स्टोअर त्यांच्या दुकानाच्या अगदी समोर. म्हणजे माझंच गिऱ्हाईक खोकल्याची बाटली हातात धरून बघतंय आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, रस्त्यात मांजरागत ओरडतोय. वर चाचांची दुरुस्ती आहेच. ‘नाई भाऊ, हा गळ्यातला झाला. जरा दात आवळून काढा.’

तहसीलमधले एक साहेब एकदा चिडले. आवाज-बिवाज काढायला मी काय नकलाकार आहे का, म्हणाले. चाचा शांतपणे म्हणाले, ‘मंग गाडी ठेवून जा. तिले बोलाचं असन तवा बोलन.’ संध्याकाळी साहेब परत आले, दोन्ही बाजूंना पाहून घेतलं आणि असा काही आवाज काढला की पलीकडचे हमाल उठून उभे राहिले. चाचांनी मात्र मन लावून ऐकलं. ‘वा साहेब! करवत हाये. उद्या घेऊन जा गाडी.’

आवाजांना त्यांनी नावं दिली होती. ब्रेकच्या तबकडीवर गंज चढून खरखर होते ती करवत. बेअरिंगची घरघर म्हणजे वरवंटा. आणि तबकडी आवळून धरणारं आतलं पॅड झिजून संपत आलं की जी बारीक शिट्टी वाजते ती मांजर. ‘मांजर ओरडलं का समजा, पॅड म्हनून राह्यलं, मले बदला. त्याच्यावर हसाचं नाई.’

नम्रता हा प्रकार चाचांकडे औषधालाही नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. चंद्रपूरपासून आलापल्लीपर्यंत ब्रेकचा मिस्त्री एकच, असं ते स्वतःच सांगायचे आणि तो कोण हे विचारलं तर रागवायचे. एकदा एका वकिलाच्या गाडीतून खणखण आवाज येत होता. वकिलानं तोंडानं काढून दाखवला, चाचांनी चारही चाकं खोलली, दुपार घालवली, आणि शेवटी सीटखालून वकिलाच्या बायकोनं दिलेला स्टीलचा डबा निघाला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. चाचा हसले नाहीत. ‘काऊन हसता? मी म्हटलं होतं का नाई, स्टीलवर स्टील वाजून राह्यलं? बराबरच तर होतं.’

मग आमच्याकडे इलेक्ट्रिक गाड्या आल्या. पहिल्या दोन-तीन गाड्यांत एक माझी. गावातले बाकीचे मिस्त्री तिच्या जवळ यायला तयार नव्हते. शॉक लागला तर कोण पाहील, म्हणायचे. चाचा एका दिवसात सरावले. त्यांचा हिशेब सरळ होता. ‘बॅटरी कंपनीची, ब्रेक माहा. मी बॅटरीच्या नारंगी वायरले हात लावत नाई, कंपनीनं माह्या चाकाले लावू नये.’ ते तिला मुकी गाडी म्हणायचे. इंजिनच नाही, त्यामुळे पूर्वी ज्या कुरबुरी इंजिनाखाली दबून जायच्या त्या आता कानाशी यायला लागल्या. लोक घाबरून रोज चाचांच्या दारात. इतका धंदा त्यांना डिझेलच्या दिवसांतही नव्हता.

माझी गाडी रोज सकाळी निघताना खरखरायची. चांदापूरच्या फाट्यापर्यंत जीव खायची आणि पुढे एकदम गप्प. मी चाचांसमोर करवत काढून दाखवली. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘रात्रभर चार्जिंगले लावून ठेवता ना? पुरी भरेपर्यंत?’

‘हो. मग?’

‘मंग काय! ही गाडी हळू होते तवा मोटर उलटं काम करून तेवढी वीज बॅटरीत टाकते. म्हनून ब्रेकले काम नाई, म्हनून त्याले गंज चढते. पन सकाळी बॅटरी गच्च. पोट भरलेल्या मानसाले वाढलं तर घेईन का तो? नाई घेत. मंग सारं काम ब्रेकवर येते, अन् गंजलेला ब्रेक कुरकुर करते. रात्री जराशी उपाशी ठेवत जा तिले.’

त्या रात्रीपासून मी बॅटरी पूर्ण भरायचं सोडलं आणि खरखर गेली. माणूस काहीही न उघडता, नुसता उभ्या-उभ्या, माझ्या झोपायच्या वेळेपर्यंत पोचला होता. मला इतकं कौतुक वाटलं की दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला औषधाबरोबर ही गोष्ट दिली.

गडचांदूरचे एक सिमेंटवाले कंत्राटदार आले होते, त्यांची गाडी तर किंचाळत आली. चाचांनी त्यांना गल्लीत गाडी उलटी चालवायला लावली. थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा मागे. टपकन एक चुनखडीचा खडा रस्त्यावर पडला आणि किंचाळणं थांबलं. चाचांनी तो उचलून कंत्राटदारांच्या हातावर ठेवला. ‘घ्या. तुमच्याच खदानीतला हाये, घरी न्या.’

असं सगळं मजेत चाललं होतं. मग ती आलापल्लीची बाई आली.

बाई म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या. माहेर मूलचं, भाऊ माझ्याच ओळखीचा. आलापल्लीहून माहेरी येणं-जाणं सोपं व्हावं म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि मोठ्या हौसेनं स्वतः चालवायच्या. माहेरच्या गल्लीत सगळ्या आयाबाया बघायला यायच्या. त्या पावसाळ्यात परत जायच्या दिवशी त्या चाचांकडे आल्या. ब्रेक दाबला की काहीतरी वाजतं, म्हणाल्या. चाचांनी नेहमीचं वाक्य टाकलं. बाई लाजल्या. पदर तोंडाशी घेऊन हळूच एक आवाज काढला. मी समोरून पाहत होतो, मला तो ऐकू आला नाही.

‘करवत,’ चाचा म्हणाले. ‘पावसात उभी होती ना गाडी? गंज हाये.’ तेवढ्यावर थांबले नाहीत, शेजारी बसून गेले, नागपूर रस्त्यावर चार-पाचदा जोरात ब्रेक लावायला लावला. गंज घासून निघावा म्हणून तसं करतातच. परत आल्यावर बाई म्हणाल्या, ‘चाचा, अजून थोडासा येतो वाटतं.’ चाचा म्हणाले, ‘आपन गेला म्हटलं म्हंजे गेला. जा बिनधास्त.’

वैनगंगा ओलांडून चामोर्शीच्या पुढे रस्त्यात म्हशींचा कळप बसलेला होता. बाईंनी ब्रेक दाबला. पुढच्या एका चाकाचं पॅड पार संपलेलं होतं, लोखंडावर लोखंड घासलं, गाडी एका अंगाला ओढली गेली आणि बांधावरून धानाच्या बांधीत उतरली. चिखल होता म्हणून वाचल्या. बाईंना खरचटलंही नाही, म्हशी तर उठल्यासुद्धा नाहीत. पण गाडी ओढत आणून चाचांच्या दारात लावली तेव्हा बाईंचा चेहरा मी पाहिला. त्या रागावल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या भावाच्या मागे उभ्या होत्या.

चाचांनी चाक काढलं. तबकडीवर नख अडकेल इतके खोल चरे पडले होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, ‘चाचा, तुमी काय करनार? बाईनं लाजून नीट आवाजच काढला नसन.’ त्यांनी पाना उचलला. नवी तबकडी, नवी पॅडं, सगळं बसवलं. भाऊ गाडी आलापल्लीला पोचवून आला. काही दिवसांनी त्याच्याकडून कळलं की बाई त्यानंतर स्टिअरिंगवर बसल्याच नाहीत. गाडी अंगणात उभी, चार्ज तेवढी होते, वर ताडपत्री.

मी हे चाचांना सांगायला नको होतं का? सांगितलं. गावात काय लपतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा माझ्या दुकानात आले, काउंटरच्या आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘भाऊ, बारीक आवाज मले येतच नाई.’

मला आधी कळेना. मग सगळं कळलं. तरुणपणी ते समोरच्याच मिलमध्ये फिटर होते, धान भरडायच्या यंत्राशेजारी उभं राहून वर्षं काढली होती. जाड आवाज येत, बोलणं येई, पण शिट्टीसारखं बारीक काही असलं की कान कोरे. सुरुवातीला निभून जायचं. नंतर त्यांनी युक्ती काढली. गाडीचा आवाज ऐकू येत नसेल तर माणसाच्या तोंडून ऐकायचा, माणसाचा आवाज जाड असतो, आणि राहिलेलं ओठांवरून ओळखायचं. आम्ही ज्याला चाचांची लहर समजून इतकी वर्षं हसत होतो ती लहर नव्हतीच.

‘अन् त्या बाईनं पदर धरला होता तोंडावर,’ ते म्हणाले. ‘मले ओठ दिसले नाई. मी अंदाजानं करवत म्हटलं.’

त्या दिवसापासून चाचांनी ब्रेकचं काम बंद केलं. टायर, शॉक अॅब्सॉर्बर, बाकी काय ते करायचे, पण ब्रेक म्हटलं की हात जोडायचे. आणि कारण लपवायचे नाहीत. येईल त्या माणसाला, हमालांच्या देखत, ‘कान गेला माहा, दुसरीकडे दाखवा,’ असं खणखणीत सांगायचे. मला संताप यायचा. ज्या माणसानं जन्मभर स्वतःची तारीफ केली त्यानंच स्वतःची अशी दवंडी पिटावी! एकदा मी चिडून विचारलंच.

‘चाचा, काम नाई करत तर नका करू. पन काऊन गावभर सांगून राह्यले? लोक काय म्हनन?’

‘लोक म्हनन का बुढा बहिरा झाला. झालाच हाये.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘भाऊ, ब्रेकवर पाय देते ना मानूस, तो माह्या भरोशावर देते. त्याले मालूम असाले पाहिजे, खाली कोन हाये.’

 मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली, मानाची माणसं पाहिली आहेत, पण आपल्या सगळ्यात मोठ्या अभिमानाला असं सगळ्यांसमोर खाली ठेवणारा माणूस हा एकच.

त्यांना कानाचं यंत्र घ्यायला लावायला मला हिवाळा पुरला नाही. ‘कानात बूच घालून बसू का?’ म्हणायचे. शेवटी माझीच गाडी मांजरागत ओरडायला लागली. ब्रेक दाबला की बारीक शिट्टी. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दुसऱ्या कोणाला गाडी दाखवणार नाही, अशीच हळूहळू चालवीन, होईल ते होईल. चाचा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी स्वच्छ टोपी घालून दुकानासमोर उभे. ‘चाला, कुठी नेता ते न्या. तुमच्या जिवाची जिम्मेदारी घेत नाई मी.’

चंद्रपूरला यंत्र बसवलं. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. येताना गावातल्या गर्दीत चाचा अंग चोरून बसले होते. इंडिकेटर लावला तर दचकले. ‘हे टिकटिक करते? आधी नोतं करत.’ म्हटलं, चाचा, पहिल्यापासून करतं. ते खिडकीच्या काचेवर नख वाजवून पाहत राहिले.

गाव संपलं, जंगल लागलं. सागाची पानं गळून गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी खिडक्या खाली घेतल्या. जरा पुढे गेलो आणि चाचांनी माझा दंड धरला.

‘थांबा! थांबा! चारही चाकं गेले तुमचे.’

मी घाबरून गाडी कडेला घेतली. चाचा दार उघडून उतरले, डाव्या चाकाशी वाकले, मग मागच्या, मग पलीकडच्या. चेहरा असा गंभीर की मीही खाली उतरलो. ‘अजून येऊन राह्यला,’ ते म्हणाले. ‘गाडी उभी हाये तरी येऊन राह्यला. अशी किरकिर तर मी जिंदगीत ऐकली नाई.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हसणारच होतो, पण हसू आलं नाही. ‘चाचा,’ म्हटलं, ‘गाडी बंद हाये. झाडावरचे किडे हायेत ते. उन्हाळ्यात ओरडते ना, ते.’

चाचा चाकाशी हात टेकून सावकाश उठले. वर पाहिलं. सगळं जंगल किर्रर्र करत होतं, आपण रोज ऐकतो आणि म्हणून कधीच ऐकत नाही तसं.

‘हे अजून हायेत?’ ते म्हणाले. ‘मले वाटलं, जंगल तुटलं, खदानी झाल्या, मेले सारे.’

 त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही, आणि आम्ही दोघंही उन्हामुळे आहे असं दाखवत होतो. मग ते गाडीत बसले, पट्टा लावला. ‘आता चालवा, अन् ब्रेक लावा.’

मी लावला. शिट्टी वाजली. चाचा ताठ झाले.

‘पुन्हा.’

पुन्हा लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता बढाई सुरू होणार. पण ते अगदी हळू म्हणाले, ‘इतका बारीक असते हा? मंग बाईनं बराबरच काढला होता, भाऊ. असाच हळू, असाच बारीक. ती लाजली नोती. मलेच आला नाई.’

मूल गावात पोचलो. चाचांनी दुकान उघडलं, गाडी जॅकवर चढवली, पॅडं बदलली. मी समोर जेवून आलो तोवर हात धुऊन पुन्हा पुढच्या सीटवर बसलेले.

‘आता कुठे?’ मी विचारलं.

‘आलापल्लीले. बाईले सांगा लागन.’

‘चाचा, फोन लावून देतो ना! अन् एवढ्या लांब जायला बॅटरी पुरन, यायला नाई पुरनार.’

‘मंग तिथी चार्ज करू. फोनवर सांगाची गोष्ट हाये का ही?’

चाचा वारले त्याला आता बरेच महिने झाले. गावात त्यांची आठवण निघते ती आवाज काढायला लावणारे म्हणून, आणि लोक अजून हसतात, त्यात वाईट काही नाही. मला मात्र ते आठवतात ते त्या संध्याकाळचे.

ऊन उतरता-उतरता पोचलो. अंगणात ताडपत्रीखाली गाडी होती. बाई बाहेर आल्या, आम्हाला पाहून गोंधळल्या, आत या म्हणाल्या. चाचा आत गेले नाहीत. फाटकातच उभे राहून त्यांनी टोपी नीट केली.

‘बाई, तुमी सांगितलं ते बराबर होतं. तुमाले आवाज येऊन राह्यला होता, मी नाई म्हटलं. तुमचं काईच चुकलं नाई. ना तवा, ना म्हशी आल्या तवा.’

 बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या इतके महिने काय समजून बसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि चाचांना ते आधीच कळलं होतं. त्या आत गेल्या आणि चावी घेऊन आल्या. चाचांच्या पुढे धरली. म्हणाल्या, ‘चाचा, तुम्हीच एकदा चालवून पाहा. मला भीती वाटते.’

चाचांनी चावी घेतली नाही. स्वतःच्या हातानं ताडपत्री ओढून काढली, काचेवर सांडलेला पालापाचोळा झटकला, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार बाईंसाठी उघडून धरलं.

‘तुमी चालवा,’ ते म्हणाले. ‘मी बाजूले बसतो.’

बाई कितीतरी वेळ दाराशी उभ्या राहिल्या. मग बसल्या. चाचा पलीकडून येऊन शेजारी बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या पाहुण्यासारखे. मुकी गाडी अंगणातून कधी निघाली ते मला कळलंसुद्धा नाही. पाहिलं तेव्हा ती सागांच्या मधून हळूहळू चालली होती, आणि बाई गाडी चालवत होत्या.